एकोणीस मिलिमीटर

सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, मानेकडे बघत. पेणच्या बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही. समोरचा नमस्कार करून बोलायला लागला की यांची नजर त्याच्या उजव्या कानाखाली, कॉलरच्या वर, जिथे शीर दिसते तिथे. मध्येच म्हणायचे, "जरा तिकडे बघा." माणूस वळून बघायचा. तिकडे काही नसायचं. तेवढ्यात मान बघून सर पुन्हा वांगी निवडायला लागलेले असायचे.

एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या आत्याला सांगितलं, "बाई, उद्या सकाळी दहाला दवाखान्यात या. ऊन असेल तरच या." आत्याबाई ताटावरून उठल्या. नवरदेवाचे वडील सरांवर चिडले, शुभकार्यात असं बोलतात का म्हणून. सर शांतपणे जिलबी खात राहिले. महिनाभराने त्या बाई दम लागून दवाखान्यात आल्या तेव्हा सरांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी पुढे जेवलात की नाही?"

ऊन असेल तरच या, हे ते खरंच म्हणत. दवाखान्याला पूर्वेची एक खिडकी होती. तिच्याखाली लाकडी बाक, त्याच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून चढवलेला. हृदयाचा पेशंट त्या बाकावर निजवायचा, हनुवटी डावीकडे, आणि सर जमिनीवर उकिडवे बसून मानेवर तिरकं पडलेलं ऊन बघत राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. हातात शाळेतल्या मुलाच्या असतात तशा दोन लाकडी पट्ट्या. एक उभी, एक आडवी. शीर कुठपर्यंत भरली आहे ते मोजायचं आणि कागदावर लिहायचं. मग पोटावर उजव्या बरगडीखाली हात दाबून पुन्हा बघायचं, शीर आणखी वर चढते का. बायकांना हे विचित्र वाटे. म्हणून सर बरोबर आलेल्या सासूला नाहीतर आईला शेजारी स्टुलावर बसवत आणि दुसऱ्या पट्टीचं टोक धरायला लावत. कितीतरी सासवा पेणमध्ये अशा होत्या, ज्यांना सुनेची शीर किती बोटं वर आहे ते तोंडपाठ होतं.

ढगाळ दिवशी ते हृदयाचे पेशंट परत पाठवत. दिव्याच्या उजेडात मान खोटं बोलते म्हणत.

एमबीबीएस झाल्यावर मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. मला ते "विद्वान" म्हणत. शाबासकी म्हणून कधीच नाही. "काय विद्वान, या बाईचं काय ऐकलंत?" मी छातीला नळी लावून सांगायचो, झडपेचा आवाज आहे, माइट्रल झडप अरुंद झाली आहे, लहानपणीच्या सांधेतापाने. "ते तर तिच्या मुंबईच्या कागदावर लिहिलंय. तिचं उजवं हृदय कसं आहे?" मला सांगता यायचं नाही. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "डाव्या बाजूची सगळे चौकशी करतात. उजवीला कोण विचारतो?"

पेशंटला समजावताना ते खारेपाटातली उघाडी सांगत. खाडीच्या बांधात पाणी बाहेर सोडायची दारं असतात, ती उघाडी. शेतकऱ्याला लगेच कळे. "डावीकडची झडप म्हणजे उघाडी. ती अडली की पाणी कुठे जातं?"

"मागं. शेतात."

"हां. शेत म्हणजे तुझं फुप्फुस. आणि त्या भरलेल्या शेतात आणखी पाणी ढकलायचं काम उजव्या कप्प्याचं. तो बिचारा ढकलतो, ढकलतो, तक्रार करत नाही. एक दिवस बसतो. तो बसला की मग उघाडी नवी घातलीस तरी ढकलायला कोण?"

मिठाशी त्यांचं वैर होतं. पेणात राहून पापडाशी वैर धरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बरं वाटलं की बायका प्रेमाने पापड, लोणचं, सांडगे घेऊन येत. सर पाकीट उघडून पापडाचा तुकडा जिभेवर ठेवत आणि परत देत. "हे तू लाटलेस?"

"व्हय डॉक्टर."

"मग तूच खातही असशील. म्हणून पाय सुजलेत. घेऊन जा."

एकदा मिठागरातलं एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पिकवा, पण खाऊ नका." म्हातारा म्हणाला, "डॉक्टर, मीठ न खाता आमी पिकवायचं, तर दारूवाल्याला पन तुमी असंच सांगता काय?" सर पहिल्यांदा हसले. त्या म्हाताऱ्याची मान नंतर दहा वर्षं त्यांनी सांभाळली.

गोड माणूस नव्हता तो. फाटक्या तोंडाचा, हट्टी, दुसऱ्या डॉक्टरांना मोजत नसे. त्यांच्याजवळ कोणी टिकत नसे. मीही टिकलो नाही. एमडी करायला मुंबईला गेलो आणि परत येताना पेणला न येता रोह्याला दवाखाना टाकला, इको मशीन घेऊन. सर नाराज होतील असं वाटलं होतं. एका सकाळी रेल्वेने कासू, नागोठणं करत ते स्वतःच रोह्याला आले. म्हणाले, "दाखव."

समोर बसलेल्या पेशंटला निजवून मी पडद्यावर हृदय आणलं. चारही कप्पे. सर खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले. मी डाव्या कप्प्याची मापं घेत होतो. त्यांनी माझा हात धरला. "थांब. उजवा ठेव." मी उजवा कप्पा मध्यभागी आणला. ते बघत बसले. पेशंट कंटाळला, बाहेरचे लोक आत डोकावायला लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चाळीस वर्षं मी याच्या घराबाहेर उभा होतो रे."

मग विचारलं, हा किती जोर लावतोय हे मोजता येतं का? मी दाखवलं. उजव्या कप्प्याची झडप जिथे बसते त्या कडेवर एक रेघ ठेवायची आणि प्रत्येक ठोक्याला ती कड किती खाली सरकते ते बघायचं. सतरा मिलिमीटरच्या वर सरकली तर सर्वसाधारणपणे ठीक. एका मिनिटाचं काम. त्यांना ते फार आवडलं. लहान मुलासारखं चारचारदा मोजायला लावलं. जाताना म्हणाले, "प्रत्येकाचं मोजशील?"

"मोजेन सर."

तेव्हापासून त्यांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ एकच असे, "किती सरकतंय ते कळव." मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता. तो मी कमावलेला नव्हता, त्यांनी मला न विचारता देऊन टाकला होता.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर एकाच माणसाला सांगितलेलं आहे.

इको करणाऱ्या आम्हा लोकांची एक पद्धत आहे. रिपोर्ट रोज नव्याने कोणी लिहीत नाही. आधीच्या पेशंटची फाइल उघडायची, नाव बदलायचं, वय बदलायचं, झडपेचं माप बदलायचं. बाकीच्या ओळी तशाच राहतात. त्यात खाली एक ओळ असते, उजवी बाजू: आकार व काम व्यवस्थित. ती ओळ माझ्या संगणकात वर्षानुवर्षं एका पेशंटवरून दुसऱ्यावर जात होती. सुरुवातीला मी प्रत्येकाचं मोजायचो. मग गर्दी वाढली. मग फक्त ज्यांचं वाईट दिसेल त्यांचं मोजायला लागलो. आणि न मोजता वाईट दिसणार कसं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

गणपती गेल्यावर सरांनी खांबची एक बाई पाठवली. सुगंधा तिचं नाव. चाळिशीच्या आतली, भातशेतीचं घर, नवरा कंपनीत शिफ्टला, एक मुलगी आठवीत. सरांची चिठ्ठी होती: मान भरली आहे, यकृत दुखतं आहे, उजवी बाजू थकली आहे, आठ दिवसांत मुंबईला जायला हवं, त्याआधी इको. किती सरकतंय ते कळव.

त्या दिवशी बाहेर पंधरावीस माणसं होती. मी झडप बघितली. अरुंद होती, पण फार नाही, मध्यम. झडप नीट दिसावी म्हणून मी चित्र मोठं केलं. चित्र मोठं केलं की उजवा कप्पा पडद्याच्या बाहेर जातो. मी तो परत आत आणला नाही. फाइल उघडली, नाव बदललं, झडपेचं माप बदललं, छापलं.

नवऱ्याने विचारलं, "डॉक्टर, पेनचे डॉक्टर म्हनतात आठ दिवसांत जा. भात उभा हाय. कापनीला ही नसली तर मी एकटा काय करू? शिफ्ट पन हाय."

मी म्हणालो, "झडप मध्यम आहे. तशी घाई नाही. सरांना विचारा."

दुपारी सरांचा फोन आला.

"उजवी बाजू मोजलीस?"

रिपोर्टची प्रत माझ्यासमोर होती. मोजली नाही सर, राहिली, परत बोलावतो, एवढं म्हणायचं होतं. ती दोघं तोवर कोलाडलाही पोचली नसतील. खांब काही लांब नाही. पण मी सरांचा विद्यार्थी होतो, त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट मी केली नव्हती, आणि दारात पेशंट उभा होता.

"हो सर."

"किती?"

"एकोणीस."

पलीकडून कागदावर पेनाचा आवाज आला, ते लिहून घेत होते. "एकोणीस," ते म्हणाले. "मला वाटलं होतं दहाबारा असेल. शीर तर कानाशी आली होती. बरं. तू बघितलंस म्हणजे झालं."

त्यांनी आपल्याकडच्या कागदावरची आठ दिवसांची ओळ खोडली आणि सुगंधाच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, भात काढून घ्या, मग जा. औषध चालू ठेवा, मीठ बंद. इतक्या वर्षांत त्यांनी हाताला लागलेली गोष्ट कागदासाठी खोडली, ती ही एकदाच.

तिने भात कापला. झोडला. मग रिकाम्या शेतात वाल पेरला. मार्गशीर्षात तिचं पोट पाण्याने फुगलं, पायाला बोट लावलं की खड्डा पडे. मुंबईला नेलं. तिथे झडप बदलली. नवी झडप उत्तम चालली, पण उजव्या कप्प्याने जोर धरलाच नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

तीन महिने आधी गेली असती तर वाचली असती असं खात्रीने कोणी सांगू शकत नाही. हे वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने खरं आहे. मी ते स्वतःला इतक्यांदा म्हटलंय की आता त्याची लाज वाटते.

बातमी कळली त्या दिवशी मी मशीनमधली तिची जुनी चित्रं उघडली. झडप मोठी करण्याआधीचं एक चित्र होतं, दोनतीन ठोक्यांचं. त्यात उजवा कप्पा दिसत होता. डाव्यापेक्षा मोठा, फुगलेला, जेमतेम हलत होता. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. तरी मी रेघ ठेवून मोजलं. नऊ.

मी सरांना सांगायला पेणला गेलो. खरंच सांगायला गेलो होतो. तिचं बारावं-तेरावं नुकतंच झालं होतं. दवाखान्याच्या आतल्या खोलीत बसलो, सर हात धूत होते, आणि बाहेर सुगंधाचा नवरा आला. हातात सगळे कागद. तो आत आलाच नाही, दारातच उभा राहिला. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातली माणसं कामं सोडून बघायला लागली.

"पहिलं म्हनालात आठ दिवसांत जा. मंग म्हनालात भात काढ. तुमाला दिसत नव्हतं तर तसं सांगायचं. म्हातारं झालात, डोळं गेलं, तरी लोकांच्या माना बघत बसता? माझी बायको मारलीत तुमी."

पुढच्या शिव्या मी लिहीत नाही. सर उंबऱ्याच्या आत उभे राहून ऐकत होते, ओले हात तसेच. तो थांबल्यावर म्हणाले, "मला दिसलं होतं. मी बदललं. चूक माझी."

रिपोर्टचं नाव नाही. माझं नाव नाही. मी आतल्या खोलीच्या दाराच्या पडद्यामागे, चार पावलांवर होतो.

तो गेला. सर आत आले, त्या चढवलेल्या बाकावर बसले. मला म्हणाले, "विद्वान, एक विचारू? एकोणीस. नीट मोजला होतास ना?"

मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. किती माणसांना मिळते?

"हो सर," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मग तिच्या मानेत मला दिसलं ते काय होतं?"

याचं उत्तर त्यांनी स्वतःच काढलं. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या पट्ट्या घेऊन जुन्या पेशंटच्या माना पुन्हा मोजायला लागले, आधीच्या कागदांशी ताडून बघायला लागले. जमेना. ज्यांची शीर त्यांना दिसत होती, ती दिसते आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. पेशंटच्या आईला विचारायचे, "तुम्हाला दिसतेय का हो? खरं सांगा." दोन महिन्यांत त्यांनी दवाखाना बंद केला. म्हणाले, डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरने काही दोष काढला नव्हता.

त्यानंतर बाजारात भेटले की तोंडाकडे बघून बोलायचे. इतक्या वर्षांत मला त्यांच्या डोळ्यांचा रंग माहीत नव्हता, तो तेव्हा कळला. घारे होते. ते मला विचारायचे, "मोजतोस ना सगळ्यांचं?" आणि आता मी खरोखर मोजत होतो, एकही न सोडता. म्हणायचो, हो सर. त्यांना बरं वाटायचं. "तू आहेस म्हणून," म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले. पेणला शोकसभा झाली. विद्यार्थी म्हणून मला बोलायला लावलं. मी लग्नातल्या आत्याबाईंची गोष्ट सांगितली, पापडाची सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. एक गृहस्थ उठून म्हणाले, शेवटी शेवटी नजर गेली होती बिचाऱ्यांची, खांबच्या त्या बाईचं तेवढं चुकलं, पण माणूस देव होता. सभेने माना हलवल्या. मीही हलवली.

ते हलवणं मला सोसेना. महिनाभराने मी खांबला गेलो.

सुगंधाचा नवरा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मला ओळखून त्याने चटई पुढे केली. मुलगी आता कॉलेजला जाते, ती आत होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. फाइलमधली ओळ, फोन, एकोणीस, नंतर मोजलेले नऊ. सरांनी विचारलं तेव्हा दुसऱ्यांदा बोललेलं खोटंही सांगितलं. म्हणालो, तुम्ही तक्रार करा, मी लिहून देतो.

तो शेंगा सोलत राहिला. मला वाटलं त्याला कळलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "कळलं मला. कंपनीत पन असंच चालतं. न बघता सही."

मग हात थांबले.

"त्यांच्या दारात उभा राहून मी काय काय बोललो, तुमी ऐकलं व्हतं?"

"हो. मी आत होतो."

"आत व्हतात." त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "त्या मानसाचं बरोबर व्हतं. आन् मी त्याला आयबहिनीवरनं बोललो, आख्ख्या आळीसमोर. तुमी आतून ऐकलंत."

मी ओटीवर पडलेली टरफलं गोळा करायला लागलो.

"तवा बाहेर आला असतात तर मी तुमाला बोललो असतो. फार तर मारलं असतं. मंग त्यांच्या पाया पडलो असतो, इषय संपला असता." तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या शेताकडे बघत होता. "बायको तर नायच ठेवलीत. आता माफी मागायला मानूसपन नाय ठेवलात."

आतून मुलीने विचारलं, "बाबा, चहा टाकू का डॉक्टरांना?"

"नको गो," तो म्हणाला. "ते निघालेत."